शिष्य आत, गुरू बाहेर : कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या मतदारांना खुलं पत्र

प्रति,
कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमचे मतदार सदस्य,
द्वारा कंट्री म्युझिक असोसिएशन,
नॅशव्हिल, टेनेसी

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

तुमची नावं मला ठाऊक नाहीत. मतदारांची नावं बाहेर येऊ नयेत अशीच तुमच्याकडची पद्धत आहे आणि ती मला पटते. कुणाचा दबाव नको. म्हणून हे पत्र माणसांना न लिहिता त्या जबाबदारीच्या जागेला लिहिते आहे. इंग्रजी प्रत टपालाने तुमच्याकडे येईल. माझ्या मराठी वाचकांसाठी एवढंच सांगते : कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यांतून आलेलं गाणं, आणि हॉल ऑफ फेम म्हणजे त्यातल्या थोरांची सन्मानयादी. ही मराठी प्रत इथे सगळ्यांसमोर ठेवते, कारण जे सांगायचं आहे ते मला आधी मराठीतच सुचलं, आणि ज्यांच्यामुळे सुचलं ती माणसं मराठीच बोलत होती.

मी मिरजेची. मिरज म्हणजे तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्यांचं गाव. शाळेत जाताना वाटेत दुकानांबाहेर वाळत टाकलेले भोपळे दिसायचे. आठव्या वर्षापासून मी गाणं शिकले. आमच्या बाई स्वतःच्या गुरूंचं नाव घ्यायच्या आधी क्षणभर थांबत, उजवा हात कानाच्या पाळीला लावत, मगच नाव उच्चारत. शिकवताना एखादी चीज सांगितली की ती कुणाकडून आली, त्यांना कुणी दिली, हे सांगितल्याशिवाय पुढची ओळ मिळायची नाही. लहानपणी याचा कंटाळा यायचा. गाणं शिकवा ना, नावं कशाला, असं वाटायचं.

नोकरीच्या निमित्ताने टेनेसीतल्या किंग्सपोर्टला आले त्याला अठरा वर्षं झाली. इथून अर्ध्या तासाच्या आत, राज्याची सीमा ओलांडून व्हर्जिनियात गेलं की क्लिंच डोंगराच्या पायथ्याशी हिल्टन्स नावाची वस्ती लागते. कंट्री संगीतातला पहिल्या काळचा गाजलेला ताफा म्हणजे कार्टर कुटुंब, त्यांचं हे गाव. ए. पी. कार्टर यांची मुलगी जॅनेट हिने 1974 मध्ये वडिलांच्या जुन्या दुकानात शनिवारच्या गाण्याच्या बैठका सुरू केल्या, त्या आजही लाकडी सभागृहात चालू आहेत. दारू नाही, विजेची वाद्यं नाहीत. म्हातारी माणसं बुटांना लोखंडी पट्ट्या लावून येतात आणि बँजो सुरू झाला की उठून पायाने ताल धरतात. पहिल्याच शनिवारी मला आमच्या गावच्या उरुसातल्या गाण्याच्या रात्री आठवल्या, आणि तेव्हापासून हे संगीत माझं झालं. तोपर्यंत कंट्री म्हणजे फक्त जिम रीव्ह्ज एवढंच मला माहीत होतं. वांद्रे, वसई, गोवा इथल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत नाताळात त्याचा आवाज ऐकू येतोच.

मुद्द्यावर येते. 1961 मध्ये तुमच्या संस्थेने गायक जिमी रॉजर्स, गायक हँक विल्यम्स आणि गीतकार-प्रकाशक फ्रेड रोझ या तिघांपासून सन्मानाची यादी सुरू केली. 2025 च्या मानकऱ्यांपर्यंत ती दीडशेच्या पुढे गेली आहे. नॅशव्हिलच्या त्या गोल दालनात मी तीनदा जाऊन आले. भिंतीवर ब्राँझचे चेहरे आणि वर चहूबाजूंनी कोरलेले कार्टर कुटुंबाच्या गाण्याचे शब्द. प्रत्येक फलकापाशी थांबून वाचलं. तिसऱ्या खेपेला बाहेर पडताना लक्षात आलं की मी ज्याचं नाव शोधत होते तो कुठेच नव्हता.

त्याचं नाव लेस्ली रिडल.

तुमच्यापैकी अनेकांना हे नाव माहीत असणार. तरी सगळं सांगते, कारण माझ्या मराठी वाचकांना ते माहीत नसेल. रिडल यांचा जन्म 1905 चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्न्सव्हिलचा. कृष्णवर्णीय कुटुंब. वाढले ते किंग्सपोर्टच्या परिसरात, आजी-आजोबांकडे. 1927 मध्ये इथल्या सिमेंट कारखान्यात काम करताना अपघात झाला आणि उजवा पाय गमवावा लागला. बंदुकीच्या एका अपघातात उजव्या हाताची दोन बोटंही गेली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी गिटार हातात घेतली आणि उरलेल्या बोटांना जमेल असं स्वतःचं वाजवणं बसवलं.

त्याच 1927 च्या जुलैअखेरीस, इथून जवळच ब्रिस्टल गावात, राल्फ पीअर नावाचा गृहस्थ ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन उतरला होता. 1 आणि 2 ऑगस्टला त्याने कार्टर कुटुंबाची सहा गाणी मुद्रित केली, 4 ऑगस्टला जिमी रॉजर्सची. कंट्री संगीताच्या जन्माची कहाणी सांगणारे इथूनच सुरुवात करतात. तबकड्या खपल्या, आणि खपल्या तशी नव्या गाण्यांची भूक लागली. एका कुटुंबाला तोंडपाठ असून किती गाणी असणार! ए. पी. कार्टर गाणी गोळा करायला डोंगरात, खेड्यांत, खाणींच्या वस्त्यांत हिंडू लागले. पण त्यांची एक अडचण होती. शब्द ते लिहून घेत, चाल मात्र डोक्यात राहत नसे.

1928 च्या अखेरीस किंग्सपोर्टमध्ये त्यांची रिडलशी गाठ पडली. रिडल यांना एकदा ऐकलेली चाल विसरायला होत नसे. पुढची काही वर्षं हे दोघं मिळून हिंडले. गाणारा गायचा, कार्टर शब्द टिपून घ्यायचे, रिडल चाल उचलायचे, आणि घरी परतल्यावर ती कार्टर कुटुंबाला शिकवायचे. कृष्णवर्णीयांच्या घरांची आणि चर्चची दारं रिडल सोबत असल्यामुळे उघडली. ज्या काळात त्या रस्त्यांवर दोघांना एका टेबलाशी बसून जेवायची सोय नव्हती, त्या काळातली ही गोष्ट आहे. एका पायाचा माणूस डोंगरवाटांनी दुसऱ्याची गाणी डोक्यात वाहून आणतो, यावर मी फार वेळ विचार केला आहे.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. रिडलच्या कैवारात काही जण असं बोलून जातात की कार्टर कुटुंबातल्या गिटारवादक मेबेल कार्टर यांची सुप्रसिद्ध शैली, अंगठ्याने जाड तारांवर चाल आणि बोटांनी वरच्या तारांवर झंकार, ही त्यांनीच शिकवली. ते खरं नाही. मेबेल ब्रिस्टलला तशाच वाजवत होत्या आणि रिडल त्यांना त्यानंतर भेटले. पण ‘द कॅननबॉल’ ऐका. ते गाणं रिडलकडून आलेलं आहे, आणि त्यात मेबेल यांचा हात वेगळा चालतो, बोटं सुटी सुटी बोलतात. ती तालीम रिडल यांची. जेवढं त्यांचं आहे तेवढंच मागते आहे. ते पुरेसं मोठं आहे.

1942 मध्ये रिडल न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला गेले. पुढे गिटार विकून टाकली. 1960 च्या दशकात माइक सीगर या संगीतकार-संशोधकाने त्यांना शोधून काढलं. पत्ता कुठून लागला? मेबेल कार्टर यांच्याकडून. जुन्या गाण्यांची चौकशी करणाऱ्या सीगरना त्यांनीच हे नाव सांगितलं. म्हणजे शिष्येने कानाची पाळी धरली होती. सीगरनी रिडलना पुन्हा वाजवायला लावलं आणि मुद्रित केलं. ते आज ऐकायला मिळतं. रात्री सगळं घर झोपल्यावर ऐकण्यासारखं आहे ते.

आता तुमची यादी. कार्टर कुटुंब : 1970. राल्फ पीअर : 1984. मेबेल यांची मुलगी जून कार्टर कॅश : 2025. तिन्ही सन्मान योग्य आहेत, जून यांचा तर फार उशिरा झाला. ज्याने गाणं यंत्रात भरलं तो आहे, ज्यांनी गायलं त्या आहेत, त्यांची पुढची पिढी आहे. ज्याने चाल डोक्यात वाहून आणली तो नाही.

एकटे रिडल असते तर मी याला नजरचूक म्हणून सोडून दिलं असतं. पण दालनात उभं राहून एकेका फलकाच्या मागे कोण उभं आहे असं विचारू लागले, की तेच ते पुन्हा दिसतं.

हँक विल्यम्स घ्या. तुमच्या यादीतल्या पहिल्या तिघांपैकी एक. अलाबामातल्या जॉर्जियाना आणि ग्रीनव्हिलच्या रस्त्यांवर रुफस पेन नावाचा कृष्णवर्णीय वादक गिटार वाजवत हिंडे. लोक त्याला ‘टी टॉट’ म्हणत. पोरगेला हँक त्याच्या मागे मागे असायचा. पेनने त्याला गिटार शिकवली, आणि रस्त्यावरच्या माणसाला गाण्याने थांबवायचं कसं हेही. दक्षिणा म्हणजे थोडी नाणी, नाहीतर हँकच्या आईच्या हातचं जेवण. हँकने ही गोष्ट लपवली नाही. आपल्याला गिटार पेनने शिकवली हे त्याने प्रसिद्ध झाल्यावर उघडपणे सांगितलं. पेन 1939 मध्ये मॉन्टगोमेरीत वारला. लिंकन दफनभूमीत त्याला पुरलं, पण नेमकं कुठे ते आज कुणाला सांगता येत नाही. शिष्य तेव्हा सोळाही वर्षांचा नव्हता. हँकचा मान 1961 चा, त्याच्या मुलाचा 2020 चा. बाप आहे, लेक आहे, आणि बापाला ज्याने पहिले सूर दाखवले त्याला ना थडगं, ना फलक.

केंटकीतल्या ओहायो काउंटीत अर्नॉल्ड शुल्ट्झ हा 1886 मध्ये जन्मला. बाप गुलामगिरीत जन्मलेला. कधी कोळशाच्या खाणीत काम, कधी बोटींवर, आणि खांद्याला गिटार किंवा फिडल. गोऱ्यांच्या नाचाच्या बैठकांना तो वाजवी, गोऱ्या वादकांच्या ताफ्यातही बसे. त्याच काउंटीतल्या रोझीन गावचा एक लाजाळू मुलगा त्याच्यासोबत रात्रभर वाजवायला बसायचा. तो बिल मनरो. कंट्रीतल्या ब्लूग्रास या सबंध प्रकाराचा जनक. शुल्ट्झचं ऋण मनरोने जन्मभर बोलून दाखवलं.

त्याच शुल्ट्झचा अंगठ्याने ठेका धरत वाजवायचा ढंग केनेडी जोन्सने उचलला, त्याच्याकडून मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली यांच्याकडे गेला, त्यांच्याकडून मर्ल ट्रॅव्हिसकडे, आणि रेडिओवर ट्रॅव्हिसला ऐकून चेट ॲटकिन्सने तो आपलासा केला. आमच्याकडे याला घराणं म्हणतात. तुमच्या यादीत हे घराणं असं दिसतं : मनरो 1970, ॲटकिन्स 1973, ट्रॅव्हिस 1977, आइकची मुलं एव्हर्ली बंधू 2001. घराण्याचा मूळ पुरुष मात्र 1931 मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, एकही तबकडी मागे न ठेवता गेला.

सिल्व्हेस्टर वीव्हरची गोष्ट वेगळी, कारण त्याची तबकडी आहे. केंटकीतल्याच लुईव्हिलचा हा कृष्णवर्णीय वादक. 1923 च्या नोव्हेंबरमध्ये, ब्रिस्टलच्या जवळजवळ चार वर्षं आधी, त्याने ओके कंपनीसाठी ‘गिटार रॅग’ वाजवलं. 1936 मध्ये बॉब विल्सच्या ताफ्यात लिऑन मॅकॉलिफने तीच रचना स्टील गिटारवर ‘स्टील गिटार रॅग’ म्हणून वाजवली आणि स्टील गिटार हे कंट्री संगीताचं वाद्य म्हणून घरोघरी गेलं. दोन्ही मुद्रणं पाठोपाठ ऐका. मला वेगळा पुरावा द्यायची गरज उरणार नाही. विल्सचा मान 1968 चा. वीव्हर 1960 मध्ये गेला, आणि त्याच्या थडग्यावर पुढची तीसेक वर्षं दगडसुद्धा नव्हता.

(हेही जाता जाता : जिमी रॉजर्सच्या ‘ब्लू योडेल नंबर 9’ मध्ये ट्रम्पेट लुई आर्मस्ट्राँगचा आहे आणि पियानो लिल हार्डिनचा. 1930, हॉलिवूड. तबकडीवर दोघांची नावं नव्हती. आर्मस्ट्राँगला तुमच्या फलकाची गरज नाही. पण ती सवय कधीपासूनची आहे, एवढं त्यावरून कळतं.)

मतदारहो, तुम्ही दुष्ट आहात असं मी म्हणत नाही. तुमच्याच आवारातल्या संग्रहालयाने 1998 मध्ये कंट्री संगीतातल्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या गाण्यांचा मोठा संच काढला. डिफर्ड बेलीला 2005 मध्ये तुम्ही आत घेतलं. तोंडाने आगगाडी वाजवणारा हा हार्मोनिकावादक नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओवरच्या गाण्याच्या कार्यक्रमाच्या पहिल्या ताऱ्यांपैकी. 1927 मध्ये त्या कार्यक्रमाला ते नाव मिळालं ते त्याच्याच वादनाच्या रात्री. 1941 मध्ये त्याला काढून टाकलं आणि उरलेलं आयुष्य त्याने नॅशव्हिलमध्ये लोकांचे बूट चमकवले. मान मिळाला तो मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. चार्ली प्राइड 2000 मध्ये, रे चार्ल्स 2021 मध्ये. दीडशेहून अधिक नावांत कृष्णवर्णीय एवढे तीन. बँजो हे वाद्यच ज्यांच्या पूर्वजांनी आफ्रिकेतून आठवणीत आणलं, त्यांचे तीन.

आणि आमच्याकडे तरी सगळं स्वच्छ आहे असं समजू नका. कितीतरी कलावंतिणींच्या घरच्या चिजा मोठमोठ्या मैफलींत गायल्या गेल्या आणि त्या बायकांची नावं पुस्तकांत आली नाहीत. सनईवाल्याला लग्नात मांडवाबाहेर बसवणारा समाज आमचाच. आमच्या बाई नावं का सांगत बसत, ते मला फार उशिरा कळलं. नाव सांगितलं नाही की पुढच्या पिढीत माणूस नाहीसा होतो, हे त्यांनी स्वतःच्या घरी पाहिलं होतं.

मग अडचण कुठे आहे? मला वाटतं, नियमांत. दरवर्षी तुम्ही बहुधा तीन मानकरी निवडता. एक आधुनिक काळातला, राष्ट्रीय पातळीवर नाव होऊन वीस वर्षं झालेला. एक जुन्या काळातला, नाव होऊन चाळीस वर्षं झालेला. तिसरी जागा फिरती : कधी गीतकार, कधी साथीचा वादक, कधी पडद्यामागचा माणूस. यात रिडलला कुठे बसवाल? राष्ट्रीय पातळीवर त्यांचं नाव झालंच नाही. होऊ दिलं गेलं नाही. कार्टर कुटुंबाच्या तबकड्यांवर ते वाजवत नाहीत. गीतकार म्हणून त्यांची नोंद नाही. पडद्यामागचे मानकरी म्हणजे आजवर बहुतेक कंपन्यांचे प्रमुख आणि निर्माते. पेन, शुल्ट्झ यांचं तेच. जी माणसं ज्या कारणाने वगळली गेली, नेमकं तेच कारण तुमच्या पात्रतेच्या अटीत बसलं आहे.

खरं तर तुमच्याच निकषांत एक फार सुंदर कलम आहे. दुसऱ्यांवर पडलेला प्रभाव. एखाद्या उमेदवाराचं सर्वांत मोठं काम हे त्याने इतरांना दिलेल्या प्रेरणेत असू शकतं, अशा आशयाचं. ते वाचताना मला बाईंचा आवाज ऐकू आला. ज्याने ते लिहिलं त्याला गुरू म्हणजे काय ते कळलं होतं. पण निकष आत बोलावतो आणि वर्गवारी दारातच अडवते, असं झालं आहे.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे : चौथं दार उघडा. ‘आद्य प्रभाव’ म्हणा, नाव काहीही द्या. दर दोन-तीन वर्षांनी एक नाव पुरे.

क्लीव्हलँडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने हे पहिल्याच वर्षी केलं. 1986 मध्ये त्यांनी आपल्या संगीताचे पूर्वसूरी म्हणून ज्यांना मान दिला त्यांत तुमचे जिमी रॉजर्स होते. 1987 मध्ये हँक विल्यम्स. 1997 मध्ये बिल मनरो. 1999 मध्ये बॉब विल्स आणि त्यांचा ताफा. यातल्या कुणीही रॉक वाजवलं नव्हतं. तरी त्या लोकांनी म्हटलं, आम्ही यांच्याकडून शिकलो. तुमच्या माणसांना गुरू म्हणून दुसऱ्या घरी मान मिळाला. त्या माणसांच्या गुरूंना तुमच्या घरी तो मिळावा.

आक्षेप मला ऐकू येतात. पहिला : ध्वनिमुद्रण नसेल तर पारखायचं कसं? रिडल यांचं आहे, वीव्हरचं आहे. पेन आणि शुल्ट्झ यांचं नाही, पण त्यांची साक्ष हँक विल्यम्सने आणि बिल मनरोने दिली आहे. गुरू कसा होता हे शिष्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार, आणि या दोघांहून वरचढ साक्षीदार तुमच्या दालनात तरी कोण आहे? दुसरा : शिकवणारा प्रत्येकालाच असतो, मग ही यादी संपायची कुठे? त्याला साधी अट घाला. तुमच्याच मानकऱ्यांपैकी कुणीतरी स्वतःच्या तोंडाने ‘मी याच्याकडून शिकलो’ असं म्हटलेलं असावं, किंवा तबकडीवर ते स्वच्छ ऐकू यावं. मग फार नावं उरणार नाहीत. जी उरतील ती सगळी मोठी असतील.

लिंडा मार्टेल यांच्याबद्दल मात्र चौथ्या दाराची वाट बघायची गरज नाही. साउथ कॅरोलायनाच्या या गायिकेने 1969 मध्ये ऑप्रीच्या मंचावर एकटीने गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून पाऊल ठेवलं. त्याच वर्षी ‘कलर हिम फादर’ बिलबोर्डच्या कंट्री यादीत बाविसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. 1970 मध्ये अल्बम आला. ज्या कंपनीने तो काढला तिचं नाव होतं प्लांटेशन, आणि गुलामांच्या मळ्यांना काय म्हणत हे मी तुम्हाला सांगायला नको. प्रेक्षकांतून शिव्या आल्या, त्या ऐकत त्या गात राहिल्या. दुसरा कंट्री अल्बम झाला नाही. पुढे गावी परतून त्यांनी शाळेची बस चालवली. एका अल्बमवर एवढा मोठा मान द्यावा का, या प्रश्नावर मी स्वतः बरेच दिवस अडले होते. मग तुमच्या निकषांतली ती दुसरी ओळ सापडली : दीर्घकाळाच्या कामाने जसं पात्र ठरता येतं, तसं एखाद्या पुरेशा महत्त्वाच्या कृतीनेही ठरता येतं. 1969 च्या त्या रात्री त्या मंचावर चालत जाणं ही तशी कृती होती. 2024 मध्ये बियॉन्सेने आपल्या ‘काउबॉय कार्टर’ या अल्बमवर त्यांचा आवाज घेतला आणि नवी पिढी त्यांना शोधू लागली. मार्टेल यांचा जन्म 1941 चा. हिशेब तुम्ही करा, आणि डिफर्ड बेलीच्या बाबतीत झाला तसा उशीर पुन्हा करू नका.

जुन्या काळातल्यांसाठी असलेल्या दारातून आणखी दोन-तीन नावं सहज आत येऊ शकतात. फ्रेडी फेंडर, ज्याने 1975 मध्ये अर्धं गाणं स्पॅनिशमध्ये गाऊन कंट्री आणि पॉप अशा दोन्ही याद्यांत पहिला क्रमांक मिळवला. जॉनी रॉड्रिगेझ, ज्याने 1973 पासून टेक्ससच्या स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना दाखवलं की हे संगीत त्यांचंही आहे. 2025 मध्ये तो गेला. आणि रोझ मॅडॉक्स व तिचे भाऊ. अलाबामातल्या भूमिहीन शेतकऱ्याची ही पोरं 1933 मध्ये मालगाडीच्या डब्यांत लपून आईबापांसोबत कॅलिफोर्नियाला पोचली. रोझ अकरा वर्षांची असताना, 1937 मध्ये, मोडेस्टोच्या रेडिओवर ते गाऊ लागले. तिच्या आवाजात जी बेधडक धार आहे ती नंतरच्या कितीतरी गायिकांत ऐकू येते. या तिघांसाठी नियम बदलावा लागणार नाही. फक्त मत द्यावं लागेल.

ज्यांच्या तबकड्या कोट्यवधींनी खपल्या आणि ज्यांचे चाहते दर वसंतात तुमच्याकडे हट्ट धरतात, त्यांच्यासाठी मी एक शब्दही खर्च करत नाही. त्यांची पाळी येईल.

गेल्या हिवाळ्यात हिल्टन्सला एक बारा-तेरा वर्षांची मुलगी ‘द कॅननबॉल’ वाजवत होती. फार गोड वाजवलं. टाळ्या थांबल्यावर तिने सांगितलं की हे तिला आजोबांनी शिकवलं, आजोबांनी मेबेल यांच्या तबकडीवरून उचललं. तिथे ती थांबली. तिचा दोष नाही, आणि तिच्या आजोबांचाही नाही. ती कधीतरी शाळेच्या सहलीतून तुमच्या दालनात येईल. मेबेल यांच्या फलकापाशी उभी राहील. तिला पुढचं नाव तिथेच वाचायला मिळावं.

एक शेवटची, कामाची गोष्ट. रिडल यांचं पहिलं नाव जुन्या कागदांत दोन तऱ्हांनी सापडतं : कुठे लेस्ली, कुठे एस्ली. फलक ओतायला देण्याआधी बर्न्सव्हिलला माणूस पाठवा आणि तिथल्या लोकांना विचारा, ते त्यांना काय म्हणून हाक मारत.

आपली नम्र,
मिरजेची, सध्या किंग्सपोर्ट, टेनेसी इथली एक श्रोती